डेक्सामेथासोन : कार्य, उपयोग आणि मर्यादा

प्रस्तावना
दमा, तीव्र ॲलर्जी, संधिवात अशा विकारांमध्ये दाह आटोक्यात आणण्यासाठी स्टेरॉइड वर्गातील औषधांचा उपयोग केला जातो. डेक्सामेथासोन हे त्यांपैकी एक स्वस्त व प्रभावी औषध होय. 2021 च्या मार्च-एप्रिलमध्ये नाशिक जिल्हा कोविडच्या दुसऱ्या लाटेला तोंड देत असताना ‘स्टेरॉइड’ हा शब्द सामान्य माणसाच्याही बोलण्यात आला. प्रस्तुत लेखात या औषधाचे कार्य व त्याच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

कार्यपद्धती
मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवतात. डेक्सामेथासोन हे त्याच धर्तीचे कृत्रिम संयुग असून त्याची दाहशामक शक्ती कॉर्टिसॉलच्या सुमारे 25 पट आहे. पेशीत शिरून ते विशिष्ट ग्राहीशी जोडले जाते, केंद्रकात पोहोचते आणि दाह वाढविणाऱ्या प्रथिनांची निर्मिती रोखते. त्यामुळे सूज व वेदना कमी होतात. परंतु जंतुसंसर्गाशी लढण्याची शरीराची क्षमताही त्याच वेळी क्षीण होते. औषधाचा गुण व दोष असे एकाच क्रियेतून उद्भवतात.

कोविडकाळातील अनुभव
ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष जून 2020 मध्ये जाहीर झाले. दररोज 6 मिलिग्रॅम मात्रा कमाल 10 दिवस दिल्याने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने, तर केवळ प्राणवायूवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र कोणताही लाभ आढळला नाही.

ही मर्यादा सर्वत्र पाळली गेली नाही. सौम्य आजारातही, तसेच अधिक मात्रेत व अधिक काळ स्टेरॉइड घेतले गेले. या औषधाने रक्तशर्करा वाढते; अनियंत्रित मधुमेह व दुबळी प्रतिकारशक्ती यांच्या संयोगाने म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगास वाव मिळतो. 2021 मध्ये महाराष्ट्रात या रोगाचे हजारो रुग्ण आढळले; अनेकांना डोळा वा जबडा गमवावा लागला.

निष्कर्ष
दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते, कारण निष्क्रिय झालेल्या अधिवृक्क ग्रंथींना पूर्ववत होण्यास अवधी लागतो. म्हणून ते सुरू करणे, त्याची मात्रा ठरविणे व ते थांबविणे हे तिन्ही निर्णय वैद्यकीय सल्ल्यानेच व्हावेत. जुन्या चिठ्ठीवर औषध पुन्हा घेण्याची सवय मोडण्यासाठी महाविद्यालयीन स्तरावर औषधसाक्षरतेचा प्रसार होणे अगत्याचे आहे.