नखाचा दाह आणि त्याचे मूळ

काशीचे नाव घेताच गंगेचे घाट डोळ्यांपुढे उभे राहतात. वैद्यकाच्या इतिहासात मात्र या नगरीचा लौकिक निराळ्या कारणाने आहे. काशिराज दिवोदास धन्वंतरीने सुश्रुतादी शिष्यांना शल्यविद्या शिकवली, अशी परंपरा आहे. ‘सुश्रुतसंहिते’त ४४ क्षुद्ररोग सांगितले आहेत, त्यांत नखाचेही दोन विकार येतात. वात व पित्त यांच्या प्रकोपाने नखाच्या मांसात दाह होऊन ते पिकते, तो चिप्प. आघाताने नख रूक्ष, काळे व खरखरीत होते, तो कुनख.

चिप्पाचे वर्णन आपल्या परिचयाच्या नखुरड्याशी जुळते. दिवसभर पाण्यात हात असणारा धोबी असो वा भांडी घासणारी गृहिणी असो, नखाकडेची ओली त्वचा सुटते, फटीतून साबण व जंतू आत शिरतात आणि बोट सुजते.

परंतु क्वचित निराळेच घडते. बोटाला किरकोळ इजा होते, नखाभोवती व नखाखाली बारीक पुळ्या येतात, सुकतात, पुन्हा उठतात. पू तपासला तर त्यात जंतू सापडत नाहीत. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलोपो यांनी १८९० मध्ये वर्णिलेला हा दुर्मिळ विकार आज पुळ्यांच्या सोरायसिसच्या कुळातील मानला जातो.

जंतूंवाचून पू कसा होतो? पू म्हणजे मुख्यतः रक्तातील पांढऱ्या पेशी. त्वचेला इजा झाली की ‘इंटरल्यूकिन-३६’ नावाचे निरोपे त्यांना बोलावतात, आणि दुसरे एक प्रथिन त्या निरोप्यांना आवर घालते. सर्वांगावर पुळ्या उठणाऱ्या सोरायसिसच्या काही रुग्णांत या आवर घालणाऱ्या प्रथिनाचा जनुक सदोष असल्याचे २०११ मध्ये आढळले. पुढे आलोपोंच्या विकाराच्या काही रुग्णांतही तोच दोष दिसला. तो सर्वांत नसतो. परंतु आग कोठून पेटते, याचा माग त्यामुळे लागला.

हे कळण्याला व्यवहारात मोठे मोल आहे. पू दिसला की चीर द्यावी, नख काढावे, हा नेहमीचा उपाय येथे उलटू शकतो; कारण नवी जखम नव्या दाहाला निमंत्रण देते. जंतुनाशक औषधांनीही मूळ दाह शमत नाही. त्यातच काळ गेला तर नखाचे मूळ कायमचे नष्ट होते, क्वचित टोकाचे हाडही झिजते. वर रुग्णाच्या माथी अस्वच्छतेचा ठपका येतो, तो वेगळाच.

शस्त्रकर्मासाठी ख्यात असलेल्या सुश्रुतसंहितेतही निदानस्थान आधी येते, चिकित्सास्थान नंतर. बोटाएवढ्या दुखण्यालाही तोच क्रम लागू आहे.