फादर हयात नसले तरी फाइल असते

लहानपणी धर्मगुरूकडून लैंगिक अत्याचार सोसलेली व्यक्ती चाळिशी-पन्नाशीत बोलू लागली, की तिला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: आता फार उशीर झाला. अमेरिकेत फौजदारी खटल्यापुरते ते बरेचदा खरेही ठरते. मुदत एकदा उलटली की नंतर कायदा करून तो खटला पुन्हा उभा करता येत नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्टॉग्नर प्रकरणात ठरवले. घोटाळा होतो तो हाच नियम दिवाणी दाव्यालाही लावल्यामुळे. तो निकाल दिवाणी दाव्यांना लागू नाही आणि त्याच फटीतून अनेक राज्यांनी वाट काढली. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये नव्या दाव्यांसाठी वयाची मर्यादा ५५ वर नेली आणि जुन्या, मुदतबाह्य दाव्यांसाठी वर्षभराची खास सवलत दिली. ती पुढे ऑगस्ट २०२१ पर्यंत वाढली आणि १०,००० हून अधिक दावे दाखल झाले. मेरीलँडने २०२३ मध्ये मुदतच काढून टाकली. याउलट पेनसिल्व्हेनियात २०१८ च्या ग्रँड ज्युरी अहवालाने ३०० हून अधिक धर्मगुरूंवरचे आरोप नोंदवले, तरी अशी सवलत वर्षानुवर्षे विधिमंडळात अडकून राहिली. म्हणून राज्य, पीडिताचे वय आणि घटनेचे साल पाहिल्याशिवाय ‘उशीर झाला’ असे कोणी कोणाला सांगू नये.

आरोपीला शिक्षा झालेली नाही किंवा तो हयातच नाही, मग दावा कोणावर करणार, ही शंकाही चुकीच्या गृहीतकावर उभी आहे. दिवाणी न्यायालयात गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागत नाही. पुराव्याचे पारडे वादीच्या बाजूला झुकले तरी पुरते. शिवाय प्रतिवादी बहुधा चर्चचा धर्मप्रांत असतो आणि त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा असतो: या माणसाबद्दल तुम्हाला काय माहीत होते, केव्हापासून, आणि तरी त्याला मुलांमध्ये का ठेवलेत? याचे उत्तर कागदपत्रांत असते. बॉस्टनमध्ये फादर जॉन गेगन यांच्यावरील दिवाणी दाव्यांत जमा झालेली कागदपत्रे मोहोरबंद होती. ‘बॉस्टन ग्लोब’च्या अर्जावर न्यायाधीश कॉन्स्टन्स स्वीनी यांनी ती खुली केली. एका कुटुंबातल्या सात मुलांवर अत्याचार झाल्यावर त्यांच्या नात्यातल्या बाईंनी १९८२ मध्ये तेव्हाच्या कार्डिनलना लिहिलेले पत्र त्यांत होते. गेगन यांना वेस्टनच्या नव्या पॅरिशमध्ये नेमल्यावर, डिसेंबर १९८४ मध्ये, सहायक बिशप जॉन डार्सी यांनी आर्चबिशप (पुढे कार्डिनल) बर्नार्ड लॉ यांच्याकडे लेखी हरकत घेतली होती. तरीही गेगन तिथेच राहिले. लॉ यांना २००२ च्या डिसेंबरात पायउतार व्हावे लागले, त्यामागे हे कागद होते. दिवाणी दाव्याचे खरे बळ मला इथे दिसते: संस्थेला तिची कपाटे उघडावी लागतात.

‘हा पैशांचा खेळ आहे आणि भुर्दंड भाविकांच्या दानाला बसतो,’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. बॉस्टनच्या महाधर्मप्रांताने २००३ मध्ये साडेआठ कोटी डॉलर दिले. लॉस एंजेलिसच्या महाधर्मप्रांताने २००७ मध्ये ६६ कोटी आणि २०२४ मध्ये आणखी ८८ कोटी मान्य केले. पण ज्यांनी तक्रारी दडपून माणसे फिरवत ठेवली, त्यांच्या निर्णयांची किंमत पीडितांनी एकट्याने उपचारांत, मोडलेल्या शिक्षणात आणि संसारात मोजत राहावी, हे न्याय्य कसे? शिवाय तडजोड म्हणजे केवळ धनादेश नव्हे. २००७ च्या तडजोडीत फायली उघड करण्याची अट होती. २०१३ मध्ये सुमारे १२,००० पाने बाहेर आली. जुन्या आठवणींवर विसंबणे धोक्याचे, हेही खरे. मात्र मुदत वाढली म्हणून पुराव्याचा भार वादीच्या अंगावरून उतरत नाही. आणि बदल्यांचे आदेश, तक्रारपत्रे, उपचार केंद्रांचे अहवाल धर्मप्रांताच्याच ताब्यात असतात.

धर्मप्रांताच्या दिवाळखोरीबद्दल मात्र गैरसमज महागात पडतो. मेरीलँडचा तो नवा कायदा लागू होण्याच्या दोनच दिवस आधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, बाल्टिमोरच्या महाधर्मप्रांताने दिवाळखोरीचा अर्ज केला. अशा अर्जाने दावे थांबतात, हक्क बुडत नाही. पण न्यायालय ठरवते त्या तारखेच्या आत हक्काचा अर्ज भरावाच लागतो, मग आधी दावा केलेला असो वा नसो. नाव उघड होईल या भीतीने तो टाळण्याचे कारण नाही, कारण असे अर्ज सहसा गोपनीय ठेवले जातात. नेहमीच्या दाव्यातही न्यायालयाच्या परवानगीने टोपणनाव वापरता येते. चर्चने स्वतः चालवलेल्या भरपाई योजनेत रक्कम लवकर मिळू शकते. न्यूयॉर्कच्या महाधर्मप्रांताने २०१६ मध्ये अशी योजना आणली, पण रक्कम स्वीकारणाऱ्याला पुढे दावा न करण्याचे लिहून द्यावे लागले, आणि न्यायालयासारखी फायली मागण्याची सोय तिथे नव्हती. अशा कागदावर सही करण्याआधी तो स्वतःच्या, चर्चशी संबंध नसलेल्या वकिलाला दाखवावा.