रांग मोडली, कारखाना थांबला

कॅम्प २ मधल्या जुन्या माणसांना विचारा. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटली की ते म्हणतील, "फियाट!" तिलाच पुढे प्रीमियर पद्मिनी नाव मिळाले.

ही गाडी कोण बनवी? प्रीमियर ऑटोमोबाइल्स. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी ही कंपनी १९४४ साली काढली. कारखाना कुर्ल्याला होता.

त्या काळी गाड्या किती बनवायच्या, हे सरकारी परवान्यावर ठरे. गाड्या थोड्या, घेणारे फार. पैसे भरूनही लोक वर्षानुवर्षे थांबत. दारात रांग आहे, मग गाडी बदला कशाला? गाडी जुनीच राहिली.

१९८३ साली मारुती ८०० आली. ती हलकी होती. थोड्या पेट्रोलवर जास्त पळे. रांग तिच्या दारी गेली. मग प्रीमियरने परदेशी भागीदार घेतला. आपल्या शेजारी कल्याणला प्यूजो गाडी बनवली. तीही फार दिवस चालली नाही. २००० च्या सुमारास पद्मिनी बनणे थांबले. कारखाना थांबला की कामगाराची चूलही थंडावते.

मंडळी, दुकान असो की हातातले कसब, गिऱ्हाईक दारात आहे तोवरच नवे शिकून घ्यावे. रांग मोडल्यावर वेळ मिळत नाही.