वस्तू, परवाना आणि खेळ : जुन्या-नव्या व्हिडिओ गेम्सचा संग्रह व आस्वाद

प्रस्तावना

मराठीतील अभ्यासलेखनात व्हिडिओ गेम्सचा उल्लेख बहुधा दोन निमित्तांनी होतो. एक तर मुलांच्या अभ्यासावर होणारा परिणाम सांगताना, नाही तर करमणूक उद्योगाची उलाढाल मोजताना. जपून ठेवण्याजोगी आणि पुन्हा पुन्हा आस्वाद घेण्याजोगी कलाकृती म्हणून गेमकडे क्वचितच पाहिले जाते. जगभरातील हौशी संग्राहक मात्र गेली कित्येक वर्षे नेमके तेच करीत आले आहेत. जुन्या कॅसेटी, कन्सोल, माहितीपुस्तिका आणि काचेच्या नळीचे टीव्ही ते जमवतात, दुरुस्त करतात आणि मुख्य म्हणजे त्यांवर खेळतात. या छंदाची गांभीर्याने दखल घेण्यास एक सबळ कारण आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्कच्या सहकार्याने २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात नव्याने विकत मिळत नव्हते. ज्याला ते खेळावयाचे आहेत त्याने जुनी प्रत शोधावी, एखाद्या संग्रहालयात जाऊन बसावे किंवा अनधिकृत प्रतीचा आश्रय घ्यावा, एवढेच मार्ग उरतात. अशा स्थितीत संग्राहकाच्या कपाटाला अभिलेखागाराचे काम करावे लागते. हे काम ते कपाट कितपत करू शकते, आणि नव्या खेळांच्या बाबतीत ते मुळात शक्य राहिले आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यंत्र आणि आस्वाद

जुना खेळ जुन्याच यंत्रावर खेळण्याचा आग्रह त्रयस्थाला स्मरणरंजन वाटतो, आणि काही अंशी तो तसा असतोही. परंतु यंत्राची मर्यादा हाच खेळाच्या रचनेचा भाग बनल्याची उदाहरणे या क्षेत्रात इतकी आहेत की दोहोंची फारकत करणे अवघड जाते. ताइतो या जपानी कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली तयार केलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' घ्या. पडद्यावर ५५ परग्रहवासीयांची फौज असते. त्या काळच्या यंत्राला इतक्या आकृती हलविताना वेळ लागे, म्हणून आरंभी फौज संथपणे सरके. खेळाडू जसजसा एकेकाला टिपी तसतसा यंत्रावरील भार कमी होई आणि उरलेल्यांचा वेग वाढे. हा वाढता वेग मूळ आराखड्यात नव्हता. निशिकादो यांना तो रोचक वाटला आणि त्यांनी तो तसाच ठेवला. खेळाडू जिंकत जातो तसा खेळ कठीण होत जातो, ही आज सर्वपरिचित वाटणारी कल्पना अशा रीतीने यंत्राच्या अशक्तपणातून लाभली.

निन्टेन्डो कंपनीचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ रोजी प्रसिद्ध झाला. कॅसेटमधील संपूर्ण खेळ, म्हणजे चित्रे, संगीत व नियमांसह सर्व काही, ४० किलोबाइटमध्ये बसविलेला आहे. आजच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्र याच्या कितीतरी पट मोठे असते. जागेच्या या टंचाईमुळे खेळातील आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे एकाच आकृतीची आहेत. फक्त रंग निराळा. एकदा हे लक्षात आले की ते पडदे पुन्हा पाहताना काटकसरीतील कारागिरीचा जो आनंद होतो, तो लहानपणी खेळताना होत नसतो. जुन्या खेळांचा प्रौढ आस्वाद म्हणतात तो हाच, असे माझे मत आहे.

पडद्याचीही गोष्ट अशीच आहे. 'डक हंट' या खेळात बंदुकीने पडद्यावरील बदके टिपावयाची असतात. बंदुकीतून प्रत्यक्षात काहीच बाहेर पडत नाही. उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक संवेदक असतो. चाप ओढताच क्षणमात्र सारा पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. संवेदकाला त्या क्षणी उजेड दिसला तर नेम लागला असे यंत्र मानते. हा सारा हिशेब काचेच्या नळीच्या टीव्हीवर चित्र ज्या वेळेत उमटते त्यावर बेतलेला आहे. आजच्या चपट्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येते, त्यामुळे ती बंदूक तेथे निकामी ठरते. संग्राहक अवजड टीव्ही घरात का ठेवतात, या घरच्या मंडळींच्या रास्त प्रश्नाला हे एक उत्तर आहे.

जुन्या यंत्राचे वर्तन नव्या संगणकावर हुबेहूब घडविणाऱ्या प्रणालींना एम्युलेटर म्हणतात. नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांसाठी १९९७ साली सुरू झालेला 'मेम' हा त्यांतील विशेष महत्त्वाचा प्रकल्प होय. काही शुद्धतावादी संग्राहक एम्युलेटरला कमी लेखतात. ते योग्य नाही. यंत्र कसे चालत होते याचे सर्वांत काटेकोर वर्णन आज या प्रणालींतच नोंदविलेले आहे, आणि शेवटचे यंत्र बंद पडेल तेव्हा हेच वर्णन उरणार आहे.

भारतातील कॅसेटी

भारतातील संग्राहकांपुढील प्रश्न थोडा निराळा आहे. १९८३ साली जपानमध्ये आलेला निन्टेन्डोचा 'फॅमिकॉम' आपल्या मध्यमवर्गीय घरांत १९९० च्या दशकात पोहोचला तो बहुतांशी नकलांच्या रूपाने. समुराई, लिटल मास्टर अशा नावांनी विकले जाणारे 'टीव्ही गेम' हे आतून फॅमिकॉमचेच अवतार होते. त्यांच्या कॅसेटींना फॅमिकॉमप्रमाणेच ६० पिना असत, तर अमेरिकी आवृत्तीला ७२. शेकडोच काय, लाखो खेळांचा दावा करणारी पिवळी-लाल कॅसेट उघडली की पाच-दहा खेळच पुनःपुन्हा, कधी वेगळ्या पातळीपासून सुरू होणारे, आढळत. मूळ निर्मात्याचे नाव बहुधा कोठेच नसे.

पाश्चात्त्य किमतीच्या सूच्या या वस्तूंना कवडीमोल ठरवितात. ऐतिहासिक साधन म्हणून मात्र त्यांचे मोल मोठे आहे, कारण एका पिढीने प्रत्यक्षात खेळलेली वस्तू हीच होती. सीलबंद जपानी प्रत आणून कपाटात ठेवणाऱ्या भारतीय संग्राहकाने आपल्या इतिहासाऐवजी दुसऱ्याचा इतिहास विकत घेतलेला असतो. नकली कॅसेटी तयार करणाऱ्यांनी नोंदी ठेवल्या नाहीत, त्यामुळे कोणता खेळ कोणत्या रूपात येथे आला हे कळण्याचे साधन म्हणजे त्या कॅसेटीच. त्या तर भंगारात जात आहेत.

देखभाल

कॅसेट लागली नाही की तिच्यात फुंकर मारण्याची रीत होती. फुंकरीतील ओलाव्याने धातूचे संपर्कबिंदू हळूहळू गंजतात. पुन्हा काढून घातल्याने संपर्क नीट बसे आणि श्रेय फुंकरीला मिळे. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना पुसणे हा खरा उपाय आहे. खेळाची प्रगती जपून ठेवणाऱ्या अनेक कॅसेटींत नाण्याएवढी बॅटरी असते. १९९९ च्या 'पोकेमॉन गोल्ड' व 'सिल्व्हर' या खेळांत तीच बॅटरी आतील घड्याळही चालवी, त्यामुळे ती लवकर संपते आणि तिच्यासोबत खेळाडूने जपलेली प्रगतीही पुसली जाते. नवी बॅटरी डाख देऊन बसवावी लागते. १९९० च्या 'सेगा गेम गिअर' या हातातील यंत्राचे कपॅसिटर गळून मंडलपट्टी खराब करतात. तबकड्यांचा धातूचा थर हवेच्या संपर्काने डागळू शकतो. तात्पर्य, कपाटात नुसता ठेवलेला खेळ टिकत नाही. तो मधूनमधून चालवावा आणि उघडावा लागतो.

या पार्श्वभूमीवर सीलबंद डब्यांचा बाजार विचार करायला लावतो. जुलै २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ६४' ची न उघडलेली एक प्रत अमेरिकेत १५.६ लाख डॉलरला लिलावात विकली गेली. १९९६ च्या या खेळाच्या १ कोटीहून अधिक प्रती खपल्या होत्या. दुर्मीळ होते ते फक्त वेष्टन आणि त्याची निर्दोष अवस्था. असा डबा पारदर्शक आवरणात बंद करून त्यास गुणांक दिला जातो. आतील कॅसेट चालते की नाही हे पाहता येत नाही, कारण पाहिले की किंमत गेली. ही गुंतवणूक असेल. तिला खेळांचा संग्रह म्हणणे मला पटत नाही. याउलट १९८३ साली अटारी कंपनीने न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे कचऱ्यात पुरल्या, त्यांतील सुमारे १,३०० कॅसेटी २०१४ च्या उत्खननात बाहेर काढण्यात आल्या. चुरगळलेल्या आणि घाण लागलेल्या या कॅसेटींपैकी एक स्मिथसोनियन संस्थेने आपल्या संग्रहात घेतली. वस्तूचे ऐतिहासिक मूल्य तिच्या कोरेपणावर अवलंबून नसते, हे तेथील जाणकारांनी ओळखले.

परवाना

आतापर्यंतची चर्चा हातात धरता येणाऱ्या वस्तूची होती. नव्या खेळांच्या बाबतीत ग्राहकाला बहुधा वापराचा परवाना मिळतो. निन्टेन्डोने 'थ्रीडीएस' व 'वी यू' या यंत्रांच्या डिजिटल दुकानातील विक्री मार्च २०२३ मध्ये थांबविली. तेथेच मिळणारे खेळ नव्या ग्राहकाला विकत घेणे त्या दिवसापासून अशक्य झाले. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ चा मोटारशर्यतीचा खेळ त्याहून बोलका आहे. तो सदैव कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले, तेव्हा दुकानातून तबकडी विकत घेतलेल्यांच्या हातीही निरुपयोगी चकती उरली. यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही ग्राहक चळवळ उभी राहिली आणि युरोपीय संघातील तिच्या नागरिक याचिकेवर जुलै २०२५ पर्यंत १० लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये केलेल्या कायद्याने डिजिटल विक्रेत्यांना, आपण मालकी विकत नसून परवाना देत आहोत, हे स्पष्ट सांगणे बंधनकारक केले. प्रामाणिकपणा वाढला, खेळ मात्र त्यामुळे वाचत नाही.

जून २०२५ मध्ये आलेल्या 'स्विच २' या यंत्रासाठी काही खेळ 'गेम-की कार्ड' स्वरूपात विकले जातात. कार्डात खेळ नसतो. कार्ड घातल्यावर तो उतरवून घ्यावा लागतो. संग्राहकाच्या कपाटात डब्यांची रांग तशीच दिसेल, पण आत असेल ती किल्ली. ज्या कोठाराची ती किल्ली आहे ते विक्रेत्याच्या ताब्यात आहे.

निर्मात्याकडे मूळ सामग्री असतेच, हा समजही खरा नाही. २००२ च्या 'किंगडम हार्ट्स' ची मूळ सामग्री हरवली असल्याने २०१३ च्या सुधारित आवृत्तीसाठी बाजारात विकल्या गेलेल्या खेळातूनच पुष्कळ गोष्टी पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. खपलेली प्रतच निर्मात्याच्या उपयोगी पडली.

कायद्याची बाजू

भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार संगणक-प्रणाली ही साहित्यकृतीत मोडते. कलम ५२ अन्वये प्रणालीची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्यास नाश वा हानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. हौशी संग्राहकाला हा मोठा आधार आहे. तथापि ही सवलत स्वतःच्या वापरापुरती आहे. जतन करून इतरांस उपलब्ध करून देणे तिच्यात बसत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवण करण्याची मुभा दिली, पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची अ-डिजिटल प्रत असली तरच. पुस्तकाला ही अट सहज लागू पडते. गेमची अ-डिजिटल प्रत ही मात्र कल्पनाच करता येत नाही, कारण कॅसेटही डिजिटलच असते. जी कलाकृती सर्वाधिक नाशवंत, तीच या तरतुदीतून निसटते. अमेरिकेतही चित्र फारसे निराळे नाही. बाजारातून गेलेले खेळ संशोधकांना दूरस्थपणे पाहू देण्याची ग्रंथालयांची मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली.

आपल्याकडे १९५४ च्या अधिनियमानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास तसेच मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ग्रंथालयांस पाठवावी लागते. पुढे वृत्तपत्रांचाही त्यात समावेश झाला. गेम या व्याख्येबाहेर आहे. पुण्यात निघालेली चार पानांची पुस्तिका मुंबईस पोहोचली पाहिजे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या चमूने तयार केलेला आणि २०२० साली डिजिटल दुकानांतून प्रसिद्ध झालेला 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' मात्र कोठेही जमा करण्याचे बंधन नाही. हैदराबादेत तयार झालेला 'हनुमान : बॉय वॉरियर' हा प्लेस्टेशन २ वरील खेळ २००९ साली निघाला, तेव्हाही ते नव्हते. त्याच्या तबकड्या निदान जुन्या बाजारात, एखाद्या दुकानाच्या खोक्यात, अजून सापडण्याची शक्यता आहे.