किरणोपचारातील श्वसन-निरीक्षण

कर्करोगाच्या किरणोपचारात गाठीवर अचूक किरण सोडणे जितके महत्त्वाचे, तितकेच भोवतालच्या निरोगी ऊती राखणेही महत्त्वाचे असते. रुग्ण मेजावर निश्चल पडून राहिला, तरी श्वास चालूच असतो. त्याबरोबर मध्यपटल वरखाली होते आणि फुप्फुस, यकृत, स्वादुपिंड यांतील गाठीही सरकतात. फुप्फुसाच्या खालच्या खंडातील गाठ एका श्वासात एक सेंटिमीटरहूनही अधिक सरकू शकते. हा सारा टापू व्यापायचा, तर किरणक्षेत्र रुंद करावे लागते आणि निरोगी ऊतींना नाहक मात्रा बसते. कॅमेऱ्याने श्वसन टिपण्याचे तंत्र या अडचणीतून विकसित झाले.

इतिहास : श्वासाच्या ठरावीक टप्प्यावरच किरण सोडण्याचे प्रयोग १९८०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये झाले. १९९०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील केंद्रात कॅमेऱ्यावर आधारित पद्धत आकाराला आली. गाठ ५ मिलिमीटरहून अधिक सरकत असल्यास आणि रुग्णाला झेपत असल्यास या हालचालीचे व्यवस्थापन करावे, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ साली केली.

प्रकार : या पद्धतींचे दोन मुख्य प्रकार आहेत. खूणाधारित पद्धतीत परावर्तक ठिपके असलेला प्लॅस्टिकचा छोटा ठोकळा रुग्णाच्या पोटावर ठेवतात आणि अवरक्त कॅमेरा त्याची वरखाली होणारी हालचाल टिपतो. पृष्ठाधारित पद्धतीत छताला बसवलेली उपकरणे उघड्या छातीवर प्रकाशाची नक्षी पाडतात. तिच्यावरून संगणक त्वचेचा त्रिमितीय आकार सतत मोजत राहतो. हे दोन्ही प्रकारचे कॅमेरे स्वतः क्ष-किरण वापरत नाहीत.

कार्यपद्धती : नियोजनाच्या वेळी श्वसनाच्या आलेखाशी जुळवून सीटी स्कॅन घेतात व एका श्वसनचक्राचे सहसा दहा टप्पे पाडतात. त्यांतील अनुकूल टप्पा निवडला जातो. उपचाराच्या वेळी श्वास त्या टप्प्यात आला की किरण सुरू होतात आणि टप्पा ओलांडला की आपोआप थांबतात.

उपयोग : डाव्या स्तनाच्या कर्करोगात या तंत्राचा विशेष लाभ होतो. खोल श्वास रोखून धरला की फुप्फुस फुगते आणि हृदय छातीच्या भिंतीपासून दूर जाते. समोरच्या पडद्यावर श्वासाची रेघ ठरलेल्या पट्ट्यात आणून रुग्ण साधारण वीस सेकंद श्वास धरतो व तेवढ्यातच किरण दिले जातात. स्वीडन व डेन्मार्कमधील स्त्रियांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयाला मिळालेल्या सरासरी मात्रेच्या प्रत्येक ग्रे या एककामागे गंभीर हृदयविकाराचे प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढलेले आढळले. त्यामुळे हृदयाकडे जाणारी मात्रा जितकी टाळता येईल तितकी टाळणे आवश्यक ठरते.

मर्यादा : कॅमेऱ्याला त्वचा दिसते, गाठ दिसत नाही. पोटाची हालचाल व गाठीची हालचाल यांचे नाते दिवसागणिक, कधी एकाच बैठकीतही बदलते. म्हणून क्ष-किरण प्रतिमांनी पडताळणी करावीच लागते. त्वचेच्या वर्णानुसार कॅमेऱ्याची मांडणीही जुळवावी लागते. शिवाय रुग्णाकडून श्वास धरण्याचा सराव आधी शांतपणे करून घेणारा तंत्रज्ञ नसेल, तर उत्तम यंत्रणाही अपुरी पडते.