निद्रिस्त क्षयाची शाळकरी तपासणी

ज्यांच्या देहात क्षयाचे जंतू निद्रिस्त आहेत, परंतु ज्यांस ना खोकला ना ताप, असे विद्यार्थी रोगी नव्हेत व इतरांस संसर्गही देत नाहीत. तथापि अशा बाधितांपैकी शेकडा ५ ते १० जणांना आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष क्षय जडतो. म्हणून बारामती तालुक्यातील लोणी भापकरसारख्या गावी हायस्कुलातील मुलाच्या घरात फुप्फुसाच्या क्षयाचा रुग्ण आढळल्यास त्या मुलाची तपासणी अगत्याची ठरते. कोपराखालील त्वचेत ट्यूबरक्युलिन टोचून ४८ ते ७२ तासांनी, लाली नव्हे, तर बोटास लागणारा टणक फुगवटा मिलिमीटरात मोजतात. एक्स-रेने सक्रिय रोग नसल्याची खातरजमा झाल्यावरच प्रतिबंधक औषध सुरू होते. पालकांनी ते मध्येच बंद करू नये.