पदर उलटून पाहा

लग्नघरात पैठणी आली की बायका ती हातात घेतात. पदरावरच्या मोरावरून बोट फिरवतात आणि म्हणतात, "किती छान भरलाय! कुणाच्या हातचा?" हात तर खराच, पण हा मोर सुईने भरलेला नसतो. तो मागावर विणलेला असतो. कापड आणि मोर एकदमच तयार होतात. ते कसे, हे आपण पाहू.

गारखेड्याहून पैठण सुमारे ५० किलोमीटरवर आहे. नाथषष्ठीला आपण तिथे जातो. त्या गावावरूनच पैठणीला हे नाव पडलं. आज पैठणला माग आहेत, तसेच नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यातही आहेत.

मागावर उभे धागे ताणलेले असतात. तो ताणा. त्यात आडवा धागा घालतात, तो बाणा. साधं कापड विणताना एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो. पैठणीला तीन धोटे लागतात. एक मधल्या अंगाचा, दोन काठांचे.

पदराचं काम याहून किचकट. मोराची मान निळी, पानं हिरवी, भोवती जर. प्रत्येक रंगाची वेगळी बारीक कांडी असते. निळा धागा मानेच्या कडेपर्यंत जातो, शेजारच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. जसे दोन शेजारी बांधावर भेटतात आणि आपापल्या रानात परततात. म्हणून जुन्या पद्धतीच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो.

हे काम एकट्याचं नाही. कुणी रेशमाचा गुंता सोडवतं, कुणी कांड्या भरतं, कुणी मागावर बसतं. लेकरं बघत बघत शिकतात. एका पैठणीला काही आठवडे लागतात. पदर भरगच्च असला तर कित्येक महिने जातात.

दूर जपानातही अशी विद्या आहे. क्योटो शहरात निशिजिन नावाची विणकरांची वस्ती आहे. तिथले काही कारागीर नखांना दाते पाडतात आणि नखांनीच बाणा बसवतात. देश वेगळा, पण प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागेतच फिरवण्याची रीत आपल्यासारखीच.

आता यंत्रमागावरही मोराच्या साड्या निघतात. त्या स्वस्त असतात. त्या नेसू नयेत, असं आम्ही म्हणत नाही. पण हातमागाची म्हणून यंत्राची साडी गळ्यात मारली, तर दोघांचं नुकसान होतं. घेणाऱ्याचे पैसे जातात आणि विणकराचा माग रिकामा पडतो. माग रिकामा पडला की पोरगं दुसरं काम धरतं. मग घरात विद्या शिकवणारा असतो, पण शिकणारा उरत नाही.

म्हणून घेताना पदर उलटून पाहा. मागे धाग्यांचं जाळं लोंबत असेल किंवा कापलेली टोकं दिसत असतील, तर नीट चौकशी करा. हातमागाच्या मालासाठी २००६ साली 'हँडलूम मार्क' ही खूण सुरू झाली आहे. ती आहे का, ते बघा. पावतीवर 'हातमाग' आणि 'शुद्ध रेशीम' असं लिहून मागा.

आता तुम्हाला वाचता येतं. पावती आधी वाचा, मग पैसे द्या.